रिकाम्या जागेला बक्षीस

"मॅडम, आज सेकंड लागली. नाही जमायचं यायला."

सोळा वर्षं भोसरीत नाचाचा क्लास चालवते आहे. या सोळा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. सेकंड म्हणजे दुसरी पाळी. दुपारी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, रात्री बाराच्या पुढे खोलीवर. पुढच्या आठवड्यात फर्स्ट, त्याच्या पुढच्या आठवड्यात नाइट. माझ्या गुरू कथकच्या. तिहाई समेवर कशी आणायची ते त्यांनी पाठीत धपाटे घालून शिकवलं. आठ मुली एका दिवशी, एका वेळी, एका खोलीत कशा आणायच्या हे मात्र कुठल्याच घराण्यात शिकवत नाहीत. ते मला चाकणनं शिकवलं आणि अजून पुरतं आलेलं नाही.

माझा हॉल इंद्रायणीनगरात, पहिल्या मजल्यावर. खाली ग्राइंडिंगचं वर्कशॉप. दिवसभर फरशी बारीक थरथरते. नवी मुलगी दचकते, जुन्या तिला सांगतात, हा आपला तानपुरा.

हॉलमध्ये काचेचं कपाट आहे, त्यात तेवीस करंडक. प्रवेश घ्यायला आलेले पालक आधी कपाटाकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हणून कपाट दाराच्या बरोबर समोर ठेवलंय, तेवढं धंद्याचं शहाणपण आता आलंय. त्या तेविसांपैकी बाविसांवर माझं नाव नाही. कंपनीचं आहे, मंडळाचं आहे, सोसायटीचं आहे. एकावर तर नुसतं देणाऱ्याचंच नाव आहे, कशाबद्दल दिला तेही नाही. समूहनृत्यात करंडक संघाला मिळतो. नाच बसवणारी बाई तेव्हा विंगेत उभी असते, एका हातात आठ जणींचे मोबाइल, दुसऱ्या हातात सेफ्टी पिना.

हे रडगाणं नाही. सगळीकडे असंच होत आलंय. फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनासाठी पहिलं पारितोषिक दिलं ते १९८९ साली, 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'साठी, सरोज खान यांना. त्या पुरस्कारांना तोवर पस्तीस वर्षं झाली होती. तोपर्यंत किती नाचांवर थिएटरात शिट्ट्या वाजल्या आणि चिल्लर उधळली गेली. पण नाच बसवणाऱ्यासाठी रकानाच नव्हता.

आमच्याकडच्या स्पर्धांत गेली कित्येक वर्षं दर तिसरा संघ 'अप्सरा आली' घेऊन येतो. 'नटरंग' २०१०च्या पहिल्या दिवशी लागला. सोनाली कुलकर्णी आमच्या निगडीची, म्हणून इथं कौतुक जरा जास्तच. निवेदक संघाचं नाव सांगतो, सिनेमाचं सांगतो, अजय-अतुलचं तर सांगतोच. हा नाच फुलवा खामकरनं बसवलाय, हे सांगितलेलं मी फार क्वचित ऐकलं. फुलवा मुळात जिम्नॅस्ट. तिनं १९९७ साली 'बूगी वूगी' जिंकलं तेव्हा मी अकरावीत होते आणि आमच्या चाळीत त्या कार्यक्रमाच्या वेळी नळालासुद्धा गर्दी नसायची. ते बक्षीस आणि 'अप्सरा' यांच्यात बारा-तेरा वर्षांचं अंतर आहे. क्लासमधल्या मुलांनी 'मॅडम, रिअॅलिटी शो' असं म्हटलं की मी हा हिशेब काढते. ते ऐकून घेतात आणि मोबाइल पुढे करतात. मोबाइलमध्ये वसई-नालासोपाऱ्याकडचा किंग्ज युनायटेड असतो, २०१९ साली अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून दहा लाख डॉलर मिळवणारा. बारा वर्षं की दहा लाख डॉलर, यात सोळा वर्षांचं पोर काय निवडेल ते सांगायला नको.

करंडक आणि कारखाना यांचं नातं आमच्या पट्ट्यात जुनंच आहे. पुण्यातल्या कॉलेजांचा फिरोदिया करंडक ज्या घराण्याच्या नावाचा, त्याच घराण्याचा टेम्पोचा कारखाना आकुर्डीत. नाटक, गाणं, चित्र, नाच सगळं एका तासाच्या आत एकमेकांत विणायचं अशी ती स्पर्धा. मी तिच्यात नाचले तेव्हा माझे वडील त्या कारखान्यापासून चार फर्लांगावर लेथ चालवत होते. ते स्वतः कामगार कल्याण मंडळाच्या समरगीत स्पर्धेत मागच्या ओळीत उभे राहून गायचे. घरात त्यांचं एक उत्तेजनार्थचं प्रशस्तिपत्रक फ्रेम करून लावलेलं होतं, देवघराच्या शेजारी.

तर तो तेविसावा करंडक. त्याच्यावर माझं नाव आहे. 'उत्कृष्ट नृत्यरचना' असं लिहिलंय आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं मला त्याच्याकडे बघताना होतं.

चाकणच्या एका कंपनीतल्या आठ मुली माझ्याकडे आल्या त्या कंपनीच्या फॅमिली डेसाठी लावणी बसवून घ्यायला. कंपनी वायरिंग हार्नेस बनवते. गाडीच्या बॉनेटपासून डिकीपर्यंत वायरींची जी जाळी पत्र्याच्या आतून फिरते, तो हार्नेस. या कामावर बहुतेक मुलीच. बायकांचे हात बारीक, असं कंपनी म्हणते. पगारही बारीक, असं मुली म्हणतात. सगळ्या मराठवाडा-विदर्भातल्या, म्हाळुंगे आणि खराबवाडीत चौघी-पाच जणींत एक खोली. दोघींची नावं एकच निघाली, म्हणून मी त्यांना गावाच्या नावानं हाक मारायला लागले आणि तेच पडून गेलं. उदगीर, पुसद, मेहकर, भूम, किनवट, जिंतूर, लोणार आणि औसा.

लावणी झाली, टाळ्या झाल्या, बक्षीसही मिळालं, विषय संपला असता. पण तालमीच्या एका संध्याकाळी घुंगराची दोरी तुटली. किनवटनं पर्समधून काळ्या टेपचं रीळ काढलं आणि दोरी जोडायला घेतली. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरी ताणलेली, उजव्या अंगठ्यानं टेपचं टोक दाबलेलं, आणि मग मनगट फिरायला लागलं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या बरोबर अर्ध्यावर. हातावर नजर नाही. तोंडानं ती भूमशी खोलीच्या लाइटबिलावरून भांडत होती. शेवटी एक झटका, टर्र, टेप तुटली.

मी म्हटलं, पुन्हा कर. सावकाश.

कथकमध्ये मनगट असं मोकळं फिरायला मला सहा वर्षं लागली होती. ही पोरगी ते आठ तास, आठवड्याचे सहा दिवस करत होती, आणि तिला कुणी एकदाही 'वा' म्हटलेलं नव्हतं. उलट वेढा चुकला की रिजेक्शन.

तिथून तो नाच सुरू झाला. गाणं नाही. क्लासमधल्या एका मुलाची हलगी, खालच्या ग्राइंडिंगचा मोबाइलवर घेतलेला आवाज आणि आठ रिळांवरून एकदम टेप तुटण्याची टर्र. मुलींनी मला त्यांची लाइन समजावून सांगितली. बोर्ड लंबवर्तुळात फिरत राहतात. मुलगी बोर्डासोबत आडवं चालत आपलं काम करते आणि ठरलेल्या जागी बोर्ड पुढचीच्या ताब्यात देऊन मागे सरकते. काम अडलं की डोक्यावरचा पिवळा दिवा, फारच अडलं की लाल. मला फॉर्मेशन शोधावं लागलं नाही, ते कंपनीनंच आखून ठेवलं होतं. मी फक्त बोर्ड काढून घेतले आणि हात तेवढे ठेवले.

यात आपण काही नवीन करतोय अशी माझी समजूत होती. नंतर कळलं, उदय शंकर यांनी अल्मोड्याच्या केंद्रात असतानाच 'लेबर अँड मशिनरी' नावाचा बॅले केला होता, कामगार आणि यंत्र हाच विषय घेऊन. आपल्याला सुचलेलं ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलेलं असतं. वाईट वाटलं, मग बरंही वाटलं.

तालमीचं काय? आठही जणी एकत्र आल्या अशा तालमी तीन महिन्यांत मोजून चार झाल्या. कधी पाच असायच्या, कधी तीन. जी नसेल तिच्या जागी मी चप्पल ठेवायची. "ही जिंतूर, हिच्यावरून चालायचं नाही." मुलींना त्या चपलांची इतकी सवय झाली की चपलेला वळसा घालून जाताना त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. चप्पल कुणाच्या पायात नसते तेव्हा ती फार जागा खाते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

यातली औसा कंपनीत रिलीव्हर होती. कुणाला बाथरूमला जायचं असलं, कुणाचं पोट दुखलं, कुणी आलीच नाही, तर तिच्या जागी उभं राहायचं हे रिलीव्हरचं काम. त्यामुळे तिला लाइनवरचं प्रत्येक काम येत होतं. हॉलमध्येही तसंच. चार तालमींत तिला आठही जणींच्या हालचाली पाठ झाल्या. कुणी अडखळली की मी नाही, औसाच मोजायची. पाच, सहा, सात, आठ.

लावणीच्या बक्षिसानंतर कंपनीतल्या साहेबांनी आम्हाला शहरातल्या एका मोठ्या स्पर्धेत उतरायला परवानगी दिली. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. करंडकाचा आमच्याकडचा खरा उपयोग हा आहे. घरी शोभेला ठेवायला कुणाची एवढी खोलीच नसते. करंडक दाखवला की शिफ्ट बदलून मिळते, लाइन लीडर सुट्टीच्या अर्जावर सही करतो, गावाकडचा भाऊ फोनवर आरडाओरडा कमी करतो. पुरस्कार म्हणजे मोठ्या आकाराचा रजेचा अर्ज, असं मी म्हणते ते थट्टेनं नाही.

स्पर्धा रविवारी. हजेरी सकाळी साडेआठला, प्राथमिक फेरी दहाला. चाकण-भोसरीकडे बऱ्याच कंपन्यांची सुट्टी असते गुरुवारी, या मुलींचीही तशीच. म्हणजे रविवार हा त्यांचा कामाचा वार. सात जणींनी कुणाकुणाशी अदलाबदल केली, कुणी एक दिवसाचा पगार सोडला. औसाची सुट्टी सगळ्यात आधी मंजूर झाली होती.

सकाळी पावणेसहाला तिचा फोन. "मॅडम, लाइनवर एक जण आली नाही. एक जागा रिकामीये. मला थांबवून घेतलंय."

मी काय बोलणार? लाइन थांबली तर पुढे गाडीच्या कंपनीची लाइन थांबते, हे मला आता तिच्याइतकंच पाठ होतं.

साडेनऊला विंगेत सात जणी. अर्जावर आठ. अर्ध्या तासात फॉर्मेशन बदलायला गेले असते तर सातही जणी एकमेकींवर आदळल्या असत्या. मी म्हटलं, "तिची जागा सोडून नाचा. चप्पल आहे असं समजा." मेहकर म्हणाली, "मॅडम, आपल्याला चपलेचीच सवय आहे." आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं भीती गेली.

नाचात एक जागा अशी होती की न दिसणारी एक वायर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात आठ जणींमधून फिरते. ती भूमपर्यंत आली. भूमच्या पुढे औसा असायची, तिच्या पुढे लोणार. भूमनं हात पुढे केला आणि घ्यायला कुणी नाही. ती तशीच थांबली. हलगीवाल्या मुलाला वाटलं चुकली, त्यानं काठी वर धरून ठेवली. एक अख्खी मात्रा काहीच वाजलं नाही. मग लोणारनं पलीकडून हवेतूनच ती वायर घेतली आणि टेप गुंडाळायला लागली. सातही माना, सवयीनं, त्या रिकाम्या जागेकडे वळल्या.

नाट्यगृह गप्प झालं. मी सोळा वर्षांत तसं गप्प झालेलं थिएटर ऐकलेलं नाही.

संध्याकाळी निकाल. संघाला दुसरा क्रमांक आणि नृत्यरचनेचं खास बक्षीस. परीक्षकांमधल्या ज्येष्ठ बाई माइकवर म्हणाल्या की आठव्या व्यक्तीची जागा संपूर्ण नाचभर मोकळी ठेवण्याची कल्पना विलक्षण आहे, अनुपस्थिती इतक्या ताकदीनं उभी केलेली त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. मी व्यासपीठावर त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

एवढंच केलं मी. खोटं काही बोलले नाही.

त्यांना दोष देता येणार नाही. गणपतीत मी स्वतः चार-पाच ठिकाणी परीक्षक असते. एका दिवसात चाळीस नाच बघितले की तांत्रिक सफाई, वेशभूषा, तालमेल हे रकाने भरायचे म्हणून भरले जातात. डोक्यात राहतो तो एखादाच क्षण, जो बाकीच्या एकोणचाळीसांत नसतो. आम्ही कारण विचारत नाही. कारण विचारायला वेळही नसतो, मागे ढोल वाजत असतो.

रात्री साडेअकराला औसाचा फोन. पहिली पाळी करून तिला पुढे ओव्हरटाइमला धरलं होतं. "मॅडम, बक्षीस लागलं म्हणं?" मी म्हटलं, लागलं. तिनं सगळं विचारून घेतलं, कोण पहिलं आलं, त्यांनी काय घातलं होतं, भूम चुकली का. तिला मुलींनी आधीच व्हॉट्सअॅपवर सगळं कळवलेलं होतं, हे मला नंतर समजलं. मग जरा थांबून म्हणाली, "मी नव्हते म्हणून लागलं का?"

"काहीतरीच काय," मी म्हटलं.

दोन दिवसांनी प्रशस्तिपत्रकं आली, सात. आयोजकांना फोन केला तर म्हणाले, मंचावर जेवढे तेवढीच. नियम बरोबर होता. मी स्टेशनरीच्या दुकानातून तसाच जाड कागद आणला, सुंदर अक्षरात आठवं लिहिलं आणि मग ते तिला दिलं नाही. खोट्या कागदानं तिचा प्रश्न मिटला नसता.

त्या काळात एका कार्यशाळेत कुर्ट योस या जर्मन नृत्यरचनाकाराबद्दल ऐकलं. १९३२ साली पॅरिसला नृत्यरचनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात त्याच्या 'द ग्रीन टेबल'ला पहिलं बक्षीस मिळालं. हिरव्या टेबलाभोवती काळ्या कोटातली माणसं वाटाघाटी करतात, मग युद्ध, मग पुन्हा तेच टेबल, तीच माणसं. हा योस एसेन गावात शिकवायचा. एसेन म्हणजे क्रुप्पच्या पोलादाचं गाव, आपली पिंपरीच म्हणा. त्याचे गुरू रुडॉल्फ लाबान पुढे इंग्लंडला गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत जाऊन कामकरी बायकांच्या हालचाली बघत बसले. कुठला हात किती जोर लावतो, कुठं उगाच थकतो. त्यावर १९४७ साली त्यांचं सहलेखकाबरोबरचं पुस्तकही निघालं. मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. किनवटचं मनगट त्यांनी बघितलं असतं तर त्यांनी बक्षीस दिलं नसतं कदाचित, पण वही नक्की उघडली असती.

पॅरिसच्या त्या स्पर्धेत आणखी कोण होतं हे आज सहसा कुणाला आठवत नाही. 'ग्रीन टेबल' अजून नाचला जातो. म्हणजे परीक्षक कधी कधी बरोबर असतात, एवढं मी स्वतःला सांगितलं.

आमचा नाच त्यानंतर कंपनीच्या पुढच्या फॅमिली डेला झाला, आठही जणींसह. वायर भूमकडून औसाकडे, औसाकडून लोणारकडे सुरळीत गेली. टाळ्या पडल्या, पण ते गप्प होणं काही झालं नाही. नाच बसवणारीनं खरं बोलायचं तर सात जणींचा नाच जास्त चांगला होता. हे औसालाही दिसलं, ती हुशार आहे. चहाच्या टेबलावर तिनंच तोडगा काढला. "जागा रिकामीच ठेवा मॅडम. पण दर वेळी वेगळी. ज्या पोरीला सुट्टी नाही मिळाली, तिची." कंपनीत ती रिकाम्या जागा भरायची, इथं तिनं रिकामी जागा वाटून दिली.

तसंच करायला लागलो. पुढच्या स्पर्धेत उदगीरची जागा रिकामी ठेवली, तिला खरोखरच नाइट होती. तिथं परीक्षक वेगळे होते. गुणपत्रिकेवर शेरा आला : नोंदणी आठ, मंचावर सात, पाच गुण वजा. आमचा नंबर नाही आला. त्याच रिकाम्या जागेला एकीकडे पाच हजार रुपये आणि दुसरीकडे वजा पाच. मुली बसमध्ये शिट्ट्या वाजवत परत आल्या, मी मात्र मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ कुणाशी बोलले नाही.

त्या ज्येष्ठ परीक्षक बाईंना मी नंतर एका कार्यक्रमात गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग त्या मुलीलाच द्यायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." त्यांनी विषय बदलला नाही, मीही नाही. आम्ही दोघी तशाच थोडा वेळ उभ्या राहिलो.

औसाचा कंपनीतला करार संपला. आता ती तळवड्यात दुसऱ्या कंपनीत आहे, तिथंही सुट्टी गुरुवारीच. गुरुवारी दुपारी माझ्या नव्या बॅचला तीच उभं करते, तासाचे पैसे घेते, माझ्यापेक्षा कडक आहे.

पिंपरी-चिंचवडात स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. बक्षिसाची रक्कम वाढवू नका, करंडक उंच करू नका. प्राथमिक फेरी गुरुवारी दुपारी ठेवा आणि अर्जात 'कामामुळे येऊ न शकलेले कलाकार' असा एक रकाना घाला. बाकी आम्ही बघून घेऊ.